दहाव्या दिवसाचं औषध

दोन वर्षांत म्हशीचे दोन वगारू, म्हणजे रेडकं, मेले, तेव्हा कुंदाबाई पुस्तोडेला दोष द्यायला कुणीतरी माणूस हवा होता. बकाराम रोज दारावरूनच जायचा.

बकाराम केशोरीतल्या त्यांच्या टोल्याचा, म्हणजे वाडीचा, ढोरकी. सकाळी घरोघरची गुरं सोडून न्यायची, दिवसभर चारायची आणि सांजेला ज्याच्या त्याच्या दारात आणून लावायची, हे काम तो पंचवीस वर्षं करत होता. कुंदाबाईची काळी म्हैस, दोन गाई आणि नांगराचे बैल त्याच्याच कळपात जायचे. आवाज न चढवता बोलणारा, एका पायानं थोडा लंगडत चालणारा माणूस. कुणाच्या घरी गाय-म्हैस व्याली की लोक आधी त्याला हाक मारत. तो वासराचे कान चाचपायचा, जिभेवर बोट ठेवून बघायचा आणि मग म्हणायचा, "झकास आहे."

कुंदाबाईची म्हैस दोन्ही वर्षी कार्तिकात व्याली. दोन्ही वेळा वगारू पहिले पंधरा दिवस कोठ्यात उड्या मारत होतं. मग पांढुरकी, घाण वासाची हगवण लागली, पोट फुगलं, अंगावरचे केस उभे राहिले आणि महिना भरायच्या आत ते गेलं. पहिल्या वेळी कुंदाबाईनं मन आवरलं. दुसऱ्या वेळी तिचा नवरा उमराव खड्डा करून, माती लोटून परत आला, तेव्हा ती कोठ्याच्या दारात बसून होती. म्हैस रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून हंबरत होती. दूध काढायला गेलं तर लाथ मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलनाच्या खोलीपाशी पाच-पंचवीस माणसं उभी होती. तिथं कुंदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"बकारामानं माई म्हैस तलावाच्या चिखलात चारली. आश्विनभर चारली. तिथलं गवत सडकं राहते. तेच दुधात उतरते न लेकरू मरते. दोन गेले माये."

बकाराम तिथंच होता. त्यानं मान खाली घातली आणि काहीच बोलला नाही.

पुस्तोडेंच्या शब्दाला टोल्यावर वजन होतं. गावाचा तलाव उमरावच्या पणज्यानं खोदवला होता, आजही पाळीला भेग पडली की लोक उमरावलाच बोलवायला येत. महिन्याभरात आठ घरांनी बकारामाकडे गुरं पाठवणं बंद केलं. ज्यांच्या घरी गुरांमागे जायला कुणी नव्हतं, त्यांची तेवढी त्याच्याकडे राहिली. तो कळप घेऊन आता पुस्तोडेंच्या दारावरून न जाता मागच्या पांदणीनं जाऊ लागला. तो भांडला नाही, यालाच कुंदाबाई पुरावा समजली. खोटं असतं तर बोलला असता, असं ती उमरावला म्हणाली. उमराव म्हणाला, "बोलायचा स्वभाव नाई त्याचा." पण त्यानं विषय वाढवला नाही.

फाल्गुनात नीतू आली.

नीतू मूळची गोरेगावची. जनावरांची डॉक्टर झाली होती आणि पुढचं शिकत होती. अभ्यासासाठी तिला टोल्यावरच्या वीस घरांतल्या गुरांचं शेण वर्षभर, दर महिन्याला तपासायचं होतं. कोणत्या ऋतूत, कोणत्या वयाच्या जनावराच्या पोटात कोणते जंत असतात, ते लिहायचं होतं. दवाखान्यातल्या साहेबांनी तिची राहायची सोय विचारली, तेव्हा कुंदाबाईनं लेकीची रिकामी खोली देऊ केली. त्यात तिचा स्वार्थ होता, आणि तो तिनं लपवलाही नाही.

"तुमच्या यंत्रात तलावाचा किडा दिसते का?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"असेल तर दिसेल, काकू," नीतू म्हणाली.

"आहे. मी सांगतो ना. तुम्ही लिहून घ्या फक्त."

त्या दिवसापासून नीतूला कुंदाबाईच्या रूपानं पक्की मदतनीस मिळाली. नीतू महिन्यातून चार दिवस यायची. कुंदाबाई पहाटेच तिच्यासोबत निघायची, कुणाची गाय मारकी, कुणाचा गोऱ्हा किती महिन्यांचा, हे तिला तोंडपाठ होतं. नीतू हातमोजा घालून ताजं शेण काढायची, कुंदाबाई डबी धरायची आणि वर चिठ्ठी चिकटवायची. मग सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपराखाली, नीतू तिचा सूक्ष्मदर्शक मांडायची. शेण मिठाच्या दाट पाण्यात कालवून ठेवलं की जंतांची अंडी वर तरंगतात. ती काचेवर घेऊन नीतू तासन्‌तास डोळा लावून बसायची आणि जाड वहीत खुणा करायची.

उन्हाळ्यात वहीतले रकाने बरेचसे कोरे राहिले. पावसाळ्यात ते भरू लागले. भाद्रपदात तर वर्षा-दीड वर्षाच्या गोऱ्ह्या-कालवडींत नीतूला एवढी अंडी दिसली की ती मोजता मोजता दोनदा चुकली. आश्विनात मोठ्या बैलांच्या शेणात एक वेगळं अंडं दिसायला लागलं. ते हलकं नव्हतं, तरंगत नव्हतं, शेण पुन्हा पुन्हा धुऊन तळाशी शोधावं लागायचं. नीतूनं ते कुंदाबाईला दाखवलं. धानाच्या दाण्यासारखं लांबट.

"हे पानासारख्या चपट्या जंताचं. याची पिल्लं आधी पाण्यातल्या गोगलगाईत वाढतात, मग काठच्या गवतावर चढून बसतात."

"म्हंजे तलावाचं," कुंदाबाई म्हणाली.

"हो, तलावाकाठचं."

कुंदाबाई त्या दिवशी दुपारभर खूश होती. तिनं उमरावला सांगितलं, शेजारच्या गीताबाईला सांगितलं. मात्र नीतूनं पुढचं जे सांगितलं, हे अंडं लहान वासरांत एकातही सापडलं नाही, ते तिच्या कानापर्यंत गेलं पण आत उतरलं नाही.

तिनं त्या वर्षी म्हशीला कोठ्याबाहेर पाठवलंच नव्हतं. आषाढापासून म्हैस बांधलेली. तणस, बांधावरचं कापून आणलेलं गवत, ढेप आणि बोअरचं पाणी. तलावाचा थेंबही तिच्या पोटात गेला नव्हता. कार्तिकात म्हैस व्याली. वगार झाली, चांगली धष्टपुष्ट, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. नीतू तेव्हा गावातच होती. निघताना तिनं कुंदाबाईच्या हातात एक छोटी बाटली ठेवली.

"काकू, दहाव्या दिवशी हे पाजायचं. किती ते वर लिहिलंय. विसरू नका."

"माई म्हैस पाच महिने कोठ्याबाहेर गेली नाई. तिच्या वगारीले कायचा जंत?"

"तरी पण द्या. लहान वगारूंना द्यायचंच असतं."

"बरं," कुंदाबाई म्हणाली आणि बाटली फडताळात ठेवली.

तिनं ती दिली नाही. विसरली नव्हती, दहावा दिवस कोणता ते तिला बरोबर ठाऊक होतं. पण औषध न देता वगार जगली म्हणजे तलावाचं म्हणणं खरं ठरणार होतं. औषध देऊन जगली तर लोक म्हणतील औषधानं जगली. दहावा दिवस गेला, विसावा गेला. वगार अंगणभर उधळत होती. कुंदाबाईनं गीताबाईला कोठ्यात बोलावून दाखवलं. "पाय. तलाव बंद, बिमारी बंद."

चोविसाव्या दिवशी सकाळी वगार उठली नाही.

कुंदाबाई दूध काढायला गेली तेव्हा ती मान आडवी टाकून पडली होती. मागच्या पायांना पांढुरकं, चिकट लागलेलं. पोट एका बाजूनं वर आलेलं. कुंदाबाईच्या हातातली बादली खाली पडली. हे सगळं तिनं दोनदा पाहिलं होतं. ती कोठ्यातल्या मातीत तशीच बसली आणि वगारीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. उमराव आला, त्यानं बघितलं आणि खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला.

नीतूनं दुसऱ्या घंटीला फोन उचलला. तिनं वय विचारलं, हगवणीचा रंग विचारला, मग म्हणाली, "तिच्या तोंडाचा वास घ्या."

कुंदाबाईनं नाक जवळ नेलं. "खवट लोण्यासारखा."

"औषध दिलं होतं ना, काकू?"

कुंदाबाईनं वगारीचं डोकं मांडीवर नीट घेतलं. नीतूनं दोन क्षण वाट पाहिली. मग तिचा आवाज बदलला नाही, फक्त भरभर झाला. "ठीक आहे. आता काहीच पाजू नका, नुसतं मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं द्या. दवाखान्यातल्या सरांना मी सांगते. पहिल्या गाडीनं निघते."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन सलाईन लावली. उमराव बाटली धरून दीड तास उभा राहिला, हात दुखला की हात बदलायचा. दुपारी नीतू उतरली ती बसस्टँडवरून पायीच, पाठीवर पिशवी घेऊन. तिनं आधी वगारीच्या छातीचं माप फितीनं घेतलं, त्यावरून वजन काढलं, आणि डॉक्टरांशी बोलून औषध बेतानं, थोडं कमीच पाजलं. एकदम सगळे जंत मेले तर आतडं तुंबेल, असं ती म्हणाली. आणि मग, वगारीकडे बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही उरलं नाही तेव्हा, तिनं सपरीत सूक्ष्मदर्शक मांडला.

"या, काकू. बघा."

कुंदाबाईनं डोळा लावला. यावेळचं अंडं धानासारखं नव्हतं. ते गोल होतं, तपकिरी, जाड सालीचं, सुकलेल्या बोरासारखं खडबडीत. एक नाही, काच भरून होती.

"हे तलावाचं नाही," नीतू म्हणाली.

"मंग कायचं?"

"हा लांब, गोल जंत. वीतभर होतो. हा लहान वगारू-वासरांतच असतो. तीन-चार महिन्यांचं झालं की आपोआप पडून जातो. वर्षभरात मोठ्या जनावरात मला हे अंडं एकदाही दिसलं नाही. आणि याला ऋतूही नाही. वैशाखात जन्मलेल्या वासरात होतं, आता कार्तिकात आहे."

"पण आलं कुठून? माई म्हैस तर बाहेर गेलीच नाई."

"म्हशीच्या अंगात याच्या बारीक अळ्या झोपलेल्या असतात. ती व्याली की त्या जाग्या होतात आणि दुधातून वगारूच्या पोटात जातात. पहिल्या आठवड्यातच." नीतू थांबली. "म्हैस घरचीच आहे ना?"

"याच कोठ्यात जन्मली."

"मग तिलाही इथूनच मिळालं असेल. एका आजारी वगारूच्या शेणातून लाखो अंडी पडतात. मातीत ती महिनोन्‌महिने, वर्षभरसुद्धा राहतात. म्हैस तिथलंच खाते, चाटते."

कुंदाबाईनं कोठ्याकडे पाहिलं. आंब्याच्या लाकडाचा खुंटा, त्याच कोपऱ्यात. तिन्ही वगारू तिथंच बांधले होते, कारण तो कोपरा उबदार होता. ती रोज वरवर झाडत होती. माती कधी काढली नव्हती.

नीतूनं वही उघडून तिच्यापुढे ठेवली. वर्षभरात नऊ लहान वासरं-वगारू तपासले होते. सातांत तो जंत होता. त्या सातांपैकी चार घरं अशी होती की ज्यांची गुरं वर्षभरात एकदाही बकारामाच्या कळपात गेली नव्हती. चारही घरांच्या चिठ्ठ्या कुंदाबाईच्याच अक्षरात होत्या. तिनंच डब्यांवर चिकटवल्या होत्या.

तिनं त्या चार घरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाटली फडताळात आहे. जशीच्या तशी."

"मला वाटलंच होतं," नीतू म्हणाली. तिनं रागावून म्हटलं नाही. कुंदाबाईला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

सांज होत आली होती. वगार पडूनच होती, पण तिनं दोनदा जीभ फिरवली. उमराव म्हणाला, "आता हात लावू नको तिले. उद्या पाहू." कुंदाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चपला घातल्या.

"कुठं चालली?"

"बकारामभाऊकडे जाऊन येतो."

"उद्या जा ना. वगारीचं काय होते ते पाहून जा."

"वगार मेली तरी ते खोटंच आहे ना, मी बोलली ते," ती म्हणाली आणि निघाली.

बकाराम अंगणात दगडावर बसून पाय धूत होता. त्याची बायको मंदाबाई चुलीपाशी होती. कुंदाबाईला बघून ती उठली नाही, बस म्हणाली नाही. कुंदाबाईही बसली नाही. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. जंत तलावाचा नाही. दुधातून येतो, कोठ्यातूनच. म्हैस तुमच्याकडे पाठवली नाही, तरी यंदाही तेच झालं. मी चारचौघांत तुमचं नाव घेतलं ते चुकीचं होतं. उद्या दूध देण्याच्या वेळी तिथंच सगळ्यांसमोर सांगते.

बकाराम ओल्या पायांनी तसाच बसून होता. त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "चिखलात चारलं त्यानं काईच नाई झालं?"

"वगारीले नाई."

"आश्विनात चारलं त्यानं?"

"नाई म्हणते नीतूबाई. कोणत्याच महिन्यात चारलं त्यानं नाई."

"पक्कं?"

"मी माया डोळ्यानं पाहिलं, भाऊ. त्या यंत्रात."

बकारामानं लोटा खाली ठेवला. तो हळूच म्हणाला, "मी चारत होतो तिथं. तुम्ही खरंच बोलल्या होत्या. गुडघा धरला तवापासून वर जंगलाच्या बाजूनं जाववत नव्हतं. म्हणून दोन वरीस मी तलावाच्या काठालेच ढोरं घेऊन बसून राहिलो. तुमचं वगारू मेलं तवा मले वाटलं, माया आळसापायी मेलं."

तो गप्प बसला होता ते चूक लपवायला नव्हे की अपमान गिळून नव्हे. तिनं सांगितलेलं त्यानं खरं मानलं होतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मंदाबाई पहिल्यांदाच बोलली. "वरीस झालं, हा कोनाच्या कोठ्यात पाय ठेवत नाई. कोनाची गाय व्याली न बोलावलं तर मले म्हणते, तू जा, माया पायानं काही वाईट होईल तिथं. रात्रीचा उठून बसते. मी विचारलं काऊन, तर सांगत नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले आज समजून राहिलं."

मग मंदाबाईनं पाट सरकवला आणि म्हणाली, "बसा, बाई. चाय टाकतो."

कुंदाबाई बसली नाही. "चाय मंग घेतो. भाऊ, तुम्ही चला. वगारीचे कान पाहून द्या."

बकाराम उठला. लंगडत, पण नेहमीपेक्षा भरभर तो तिच्या पुढं चालला होता. पुस्तोडेंच्या कोठ्याच्या दारात मात्र तो थांबला, खाली पायांकडे बघितलं. नीतू आत होती. ती म्हणाली, "या ना काका, आत या." तेव्हा तो आत आला. उमरावनं बॅटरीचा उजेड धरला. बकारामानं गुडघा लांब करून वगारीपाशी बैठक मारली, तिचे दोन्ही कान तळव्यात धरले, मग तोंडात बोट घालून जीभ बघितली.

"कान ऊन आहेत," तो जेमतेम ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा, "कान ऊन आहेत. जीभ ओढून राहिली बोट. जगते हे."

त्या रात्री कुंदाबाई झोपली की नाही हे तिलाही सांगता आलं नसतं. पहाटे कोठ्यातून आवाज आला. वगार चार पायांवर उभी होती, मागचे पाय थरथरत होते, आणि तिच्या मागे तणसावर पांढरट जंतांचा गुंता पडला होता, भिजलेल्या सुतळीसारखा. कुंदाबाईनं जन्मात एवढं ओंगळ काही पाहिलं नव्हतं आणि ते बघून तिला रडू आलं. नीतू चिमट्यानं जंत बाटलीत भरत होती आणि मोजत होती. एकोणतीसवर गेली आणि म्हणाली, "बस, काकू. आता घाबरायचं काम नाही." वगारीनं म्हशीच्या कासेला तोंड लावलं तेव्हा म्हशीनं वळून तिला चाटलं. उमराव कोठ्याच्या दारात उभा होता. तो बाहेर जाऊन अंगणातल्या खाटेवर आडवा झाला आणि उन्हं वर येईपर्यंत घोरत राहिला.

कुंदाबाईनं दुधाच्या खोलीपाशी जे सांगायचं ते सांगितलं. थोडं अडखळली, पण सगळं सांगितलं, फडताळातल्या बाटलीसकट. लोकांना जंतांविषयी जास्त ऐकायचं होतं. कुणी विचारलं, आमच्या वासराले पाजावं का. कुणी विचारलं, किती दिवसांचं असताना. अर्ध्या तासात नीतूभोवती कोंडाळं झालं.

उमरावनं आठवड्याभरात कोठ्याचा तो कोपरा हातभर खोल खणला, माती काढून दूरच्या खड्ड्यात टाकली, नवा मुरूम भरला आणि चुना पसरला. खुंटा उपटून दुसऱ्या बाजूला, उन्हाच्या अंगाला रोवला.

बकाराम दोन दिवसांनी स्वतःहून सपरीत आला. त्याला यंत्रात बघायचं होतं. आधी त्यानं ते बोरासारखं अंडं पाहिलं. मग म्हणाला, "अन तलावाचं?" नीतूनं जराशी टाळाटाळ केली, पण तो बसूनच राहिला. तेव्हा तिनं उमरावच्या बैलाच्या शेणातलं ते धानासारखं अंडं काचेवर आणून दिलं.

"काका, खोटं नाही सांगत. हे काठाच्या गवतातून येतं. पावसाळा संपता संपता, पाणी ओसरतं तिथं. वासरांना नाही, मोठ्या जनावरांना. मरत नाहीत सहसा, पण खंगतात, गळ्याखाली सुजतात."

बकारामानं डोळा काढला नाही. बराच वेळ बघत राहिला. "हे माया अंगावरचं," तो म्हणाला. "एवढं चालते. एवढं मी सांभाळतो."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कुंदाबाई पुढं कित्येक दिवस नाव शोधत होती. चूक सापडून माणूस असा हलका होतो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपली चूक केवढी, ते त्याला आता मोजूनमापून कळलं होतं, आणि तेवढी त्याला पेलत होती.

उमराव म्हणाला, पाणी कसं मागं सरते ते मले ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दोघं पाळीवरून फिरले. कोणत्या महिन्यात चिखल कुठपर्यंत राहतो ते उमरावनं दाखवलं, आणि तिथं बांबू रोवून काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. पौष संपेपर्यंत या रेषेच्या आत ढोर नाही, असं ठरलं. वर जंगलाकडे जायला बकारामाचा गुडघा नको म्हणत होता, तेव्हा टोल्यावरच्या चंद्रकुमारनं आपली पडीक बरड जमीन गुरांसाठी मोकळी केली. तिथं जायला चढ नव्हता. आठपैकी सात घरांची गुरं पुन्हा बकारामाकडे आली. आठव्या घरानं गुरंच विकली होती.

माघात नीतूची शेवटची फेरी झाली. त्या वेळी बकाराम मंदाबाईला घेऊन प्रतापगडला महाशिवरात्रीच्या जत्रेला जायचं म्हणत होता. वर्षभर तो कुठंच गेला नव्हता. गुरांचं काय, हा प्रश्न निघाला तेव्हा उमराव म्हणाला, "एक दिवस मी नेतो. चारायचे तर आहेत."

बकारामानं त्याला सकाळी सगळं समजावलं. कोणती गाय पुढं चालते, कोणती मागं राहते, लाखोरीच्या शेतांजवळ कोणावर नजर ठेवायची. उमराव हो हो म्हणत राहिला. दुपारी बाराला तांबडी गाय चंद्रकुमारच्या लाखोरीत शिरली. तिला काढायला गेला तर बाकी कळप कॅनॉलच्या बाजूनं निघाला. चारला उमराव घामाघूम होऊन, एक चप्पल हातात घेऊन गुरांमागं टोल्यात आला. सांजेची वेळ व्हायला दोन तास होते, पण गुरांनी घरी यायचं ठरवलं होतं आणि त्यानं फार विरोध केला नव्हता.

कुंदाबाई अंगणात वगारीला दावं बांधत होती. वगार आता तिच्या कमरेला लागायची आणि धक्के मारायची. नवऱ्याला बघून ती हसायला लागली. किती दिवसांनी असं हसू येत होतं कोण जाणे. पोट धरून ती ओट्यावर बसली.

"हसू नको. पानी दे," उमराव म्हणाला.

ती पाणी आणायला उठली तोवर गल्लीच्या तोंडाशी बकाराम आणि मंदाबाई दिसली. मंदाबाईच्या हातात प्रसादाची पुडी आणि नव्या बांगड्या होत्या. बकारामानं दुरूनच गुरं बघितली, मग सूर्य बघितला.

"लवकर आणली, उमरावभाऊ."

"तेच आले," उमराव म्हणाला. "मी त्यायच्या मागं आलो."

बकाराम हसला. मग सवयीनं गुरं न्याहाळत, एकेकीच्या पाठीवर थाप देत, ज्याच्या त्याच्या दाराकडे वळवू लागला.